केदारकंठा हिवाळ्यात: मळलेली वाटच जास्त निसरडी (साताऱ्या-सांगलीहून जाणाऱ्यांसाठी)

सोंडेवरचा, सातारा

नाताळ जवळ आला की आपल्याकडून केदारकंठ्याला निघणारे गट दिसायला लागतात. अजिंक्यताऱ्यावर पहाटे पाठीवर नवी कोरी सॅक घेतलेली पोरं भेटतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडं बर्फ आहे का?" या प्रश्नाच्या उत्तरातून काहीच हाती लागत नाही. बर्फ कसला आहे, डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे आणि तुम्ही त्यावर किती वाजता पाय ठेवणार, हे कळलं पाहिजे. मी नुकताच तिकडून आलोय, वाट ताजी डोळ्यांसमोर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केदारकंठा उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, उंची सुमारे १२,५०० फूट. पायथ्याचं गाव सांकरी साधारण ६,४०० फुटांवर. पहिला मुक्काम जुडा का तालाब, ९,१०० च्या आसपास. वरचा तळ ११,२५० च्या आसपास. म्हणजे शेवटचा चढ साडेबाराशे फुटांचा. हा आकडा बघून आपल्याकडचा माणूस निर्धास्त होतो, कारण अजिंक्यतारा गावातून हजारेक फूट आहे आणि तो आपण दात घासायच्या आधी चढून येतो. पण हा हिशेब तिथं लागू पडत नाही.

सध्याची अवस्था अशी. सांकरी कोरडं आहे. जंगलात शिरल्यावर उन्हाच्या बाजूला माती, पाचोळा, आणि सावलीच्या वळणांवर मधेच दोन-चार पावलांचे बर्फाचे पट्टे. हे पट्टे फसवतात, कारण तोवर कुणी पायात काही चढवलेलं नसतं. जुडा का तालाब वरून गोठलाय. त्यावर फोटोसाठी उतरणारे लोक दिसले. कृपा करून उतरू नका, बर्फाचा थर काठाला जाड आणि मधे पातळ असू शकतो आणि वरून ते ओळखता येत नाही. तळाच्या वर सगळीकडं बर्फ, पण ताजी हिमवृष्टी होऊन बरेच दिवस झालेत. अडचण तिथंच आहे.

सह्याद्रीत आपण काय शिकलो? मळलेली वाट सोडायची नाही. जिथं जास्त पाय पडलेत ती वाट खरी, ती सुरक्षित. जुन्या बर्फावर नेमकं उलटं होतं. ताज्या बर्फात हवा असते, पाय त्यात रुततो आणि अडकतो. त्यावरून शेकडो बूट गेले की हवा निघून जाते आणि बर्फ दाबला जातो. दुपारच्या उन्हानं त्याचा वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. असं आठ-दहा दिवस झालं की वाटेच्या मधोमध एक गुळगुळीत, कडक पट्टा तयार होतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर पाय ठेवताना पोटात जे होतं तेच इथं होतं, फरक एवढाच की इथं तो कातळ शंभर-शंभर पावलं संपत नाही. आणि गर्दीच्या ट्रेकवर, सुट्टीच्या दिवसांत, हे जास्त होतं.

म्हणून वाट कशी आहे हे विचारताना असं विचारा: शेवटचा बर्फ कधी पडला? त्यानंतर ऊन किती पडलं? रोज किती लोक जातायत? सांकरीतला कुठलाही वाटाड्या या तीन प्रश्नांची उत्तरं देतो आणि त्यावरून पायात काय घालायचं ते ठरतं.

दुसरी गोष्ट वेळेची. बहुतेक गट रात्री दोन-तीनला तळावरून निघतात, कारण सूर्योदय माथ्यावर बघायचा असतो. त्या वेळी बर्फ सगळ्यात कडक असतो. चढताना निभावतं, कारण चढताना वजन पुढे असतं आणि माणूस सावध असतो. सूर्योदय झाला, फोटो झाले, बोटं बधिर झाली की सगळे लगेच उतरायला लागतात. तेव्हा सकाळचे सात-साडेसात वाजलेले असतात, उतारावर अजून ऊन आलेलं नसतं आणि बर्फ तेवढाच कडक. मी पाहिलेल्या सगळ्या घसरगुंड्या उतरतानाच्या आहेत. माझं स्पष्ट मत: जुना बर्फ असेल तर पाच-साडेपाचला निघा, आठ-साडेआठला माथ्यावर या आणि ऊन उतारावर आल्यावर, वरचा थर जरासा मऊ झाल्यावर उतरा. सूर्योदय तळावरूनही दिसतो.

दांडोबा_पायथा, सांगली

फार उपयोगी लिहिलंत दादा. आम्ही कॉलेजचे सहाजण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जातोय. दोन शंका आहेत. एक, मायक्रोस्पाइक्स आणि क्रॅम्पॉन यात नक्की काय घ्यायचं? दुकानदार दोन्हीला क्रॅम्पॉनच म्हणतो. दोन, बूट नवे घेतलेत, तळ चांगला खोल नक्षीचा आहे. तरी पायात आणखी काही लागेल का?

सोंडेवरचा, सातारा

लागेल. रबराचा तळ कितीही चांगला असला तरी कडक बर्फात रुतत नाही, आणि थंडीत रबर स्वतःच ताठरतं. खोल नक्षी चिखलात आणि मऊ बर्फात कामाची.

मायक्रोस्पाइक्स म्हणजे बुटावर ताणून बसवायचा रबरी पट्टा, त्याला खाली साखळ्या आणि साधारण सेंटिमीटरभर लांबीचे दाते. कुठल्याही ट्रेकिंग बुटावर बसतात. क्रॅम्पॉन म्हणजे लोखंडी सांगाडाच, दहा-बारा मोठे दाते, पुढं रोखलेले दोन दाते, आणि त्याला ताठ तळव्याचा बूट लागतो. मऊ बुटाला बांधला तर चालता चालता सुटतो. केदारकंठ्याच्या नेहमीच्या वाटेला मायक्रोस्पाइक्स पुरतात. खड्या निळसर बर्फावर मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवायची नाही. तिथं क्रॅम्पॉन, आइस अॅक्स आणि ते वापरायचं रीतसर शिक्षण लागतं. बर्फाचा रंग निळसर-करडा आणि चकचकीत दिसला की थांबायचं आणि वाटाड्याला विचारायचं.

सांकरीत भाड्यानं मिळतात. घेताना रबर ताणून बघा, भेगा दिसल्या तर बदलून घ्या. साखळीची एकही कडी उघडलेली नको. दाते झिजून गोल झालेले असले तर ते पायात घालून उपयोग नाही. आणि डावा-उजवा दोन्ही त्याच क्षणी, दुकानात, स्वतःच्या बुटावर चढवून बघा.

घसारा, वाई

मला हे थोडं घाबरवणारं वाटतंय. केदारकंठ्याला दरवर्षी हजारो लोक जातात, त्यात कधी डोंगर न चढलेलेही असतात. आपण वासोटा, कमळगड, पांडवगड करणारी माणसं. माझ्या ओळखीतले बरेच जण साधे बूट घालून माथ्यावर जाऊन आलेत. आणि रात्री लवकर निघण्याला एक कारण आहे: दुपारनंतर वारा आणि ढग वाढतात. पाचला निघा म्हणून सांगणं कितपत बरोबर?

सोंडेवरचा, सातारा

दुपारच्या वाऱ्या-ढगांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. बारापर्यंत माथा सोडून खाली लागलंच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. ढगांचा अंदाज वाईट असेल तर लवकरच निघावं. माझं म्हणणं फक्त तीन ते सहा या तासांपुरतं आहे. हवा स्वच्छ आणि बर्फ जुना असेल, तर त्या तीन तासांत निवड करायला वाव असतो, आणि ती निवड बर्फ बघून करावी, छापील कार्यक्रम बघून नव्हे.

हजारो लोक जातात, तेही खरं. ताज्या बर्फात साधे बूट चालून जातात. तोच माणूस पंधरा दिवसांनी जुन्या बर्फावर गेला तर त्याचा आधीचा अनुभव त्याला मदत करणार नाही. सह्याद्रीतली ताकद दमाला आणि मांड्यांना उपयोगी पडते. पावलांची सवय मात्र वेगळी लावावी लागते. आपल्याकडं घसाऱ्यावर उतरताना आपण पाय आडवे टाकून, मुरूम सरकू देऊन, थोडं घसरतच उतरतो. ती लकब बर्फावर धोक्याची, कारण तिथं सुरू झालेली घसरण आपोआप थांबत नाही.

फौजी_काका, अपशिंगे

पोरांनो, मी नोकरीतली बरीच वर्षं बर्फात काढलीत, म्हणून चार शब्द बोलतो.

चढताना बुटाचं टोक बर्फात मारून पायरी करायची, दोनदा मारायचं, मग वजन टाकायचं. पुढच्यानं केलेल्या पायरीतच मागच्यानं पाय ठेवायचा. उतरताना मऊ बर्फ असेल तर टाच रोवायची, गुडघा किंचित वाकवलेला, छाती पुढं. घाबरलेला माणूस मागं झुकतो, मागं झुकला की टाच सुटते आणि तो बसूनच घसरतो. कडक बर्फ असेल आणि पायात दाते असतील तर उलट, पाऊल सपाट टाकायचं, म्हणजे सगळे दाते एकदम लागतात. आडव्या वाटेवर काठी नेहमी डोंगराच्या अंगाला. आणि पावलं छोटी. मोठं पाऊल टाकणारा पहिला पडतो.

पडलाच तर काय? पाठीवर असाल तर लगेच पोटावर वळा. पायात दाते असतील तर पाय गुडघ्यातून वर उचला, दाते बर्फात अडकले तर शरीर उलटं फेकलं जातं. कोपर, गुडघे, छाती यांचं वजन बर्फात दाबा. पहिल्या दोन सेकंदांत थांबलात तर थांबलात, वेग आल्यावर अवघड होतं.

आणखी एक. बसून घसरत खाली यायची मजा करतात पोरं. पायात दाते असताना ते अजिबात करू नका. दाता अडकतो, घोटा किंवा गुडघा जातो, आणि मग चौघांना उचलून आणावं लागतं.

वाटेच्या कडेला बर्फ पुढं आलेला दिसतो सोंडेवर, खाली आधार नसतो. वारा एका अंगानं बर्फ ढकलत ढकलत दुसऱ्या अंगाला छज्जा तयार करतो. फोटोसाठी त्या टोकाला जायचं नाही. मळलेला पट्टा निसरडा म्हणून कुणी फार बाजूला जाऊ नये, एवढ्यासाठीच सांगितलं. झाडांच्या बुंध्याभोवतीही पोकळी असते, तिथं माणूस कमरेएवढा आत जातो.

मिरजेची_माई

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, मैत्रिणींबरोबर जायचं म्हणते. तिला अडवायचं नाही, पण थंडीनं जीव जातो असं वाचलं की झोप लागत नाही. काय लक्ष ठेवायला सांगू तिला? कपडे किती द्यावेत?

वैद्य_कराड

माई, काळजी रास्त आहे आणि ती कामाला लावता येते. मी डॉक्टर आहे, डोंगरातही जाते, त्यामुळं दोन्ही बाजूंनी सांगते.

थंडी मारते ती बहुतेक वेळा ओलेपणा आणि वारा यांच्या जोडीनं. हवा उणे १० अंश असेल आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ती उणे २१ सारखी लागते. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे सांकरी आणि माथा यात साधारण बारा अंशांचा फरक धरावा. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीतल्या सहस्त्रतालच्या ट्रेकवर हिमवादळात सापडून कर्नाटकातल्या गटातले नऊजण गेले. महिना जूनचा होता. हे भीती घालायला सांगत नाही. हवामान बिघडलं की कॅलेंडर कामाला येत नाही, म्हणून सांगते.

अंगाचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की शरीर हरायला लागतं. सुरुवातीला जोरात कापरं भरतं. मग माणूस अडखळतो, शब्द लडबडतात, बटण लागत नाही, विनाकारण चिडतो किंवा एकदम गप्प होतो. कापरं थांबलं आणि माणूस "मला आता बरं वाटतंय" म्हणाला, तर ते बरं नाही, तो धोक्याच्या पुढच्या टप्प्यात गेलाय. मुलीला एवढंच शिकवा: मैत्रीण गप्प झाली की तिच्याशी बोलायचं, नीट उत्तर आलं नाही तर लगेच वाटाड्याला सांगायचं. ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, वाऱ्यापासून आडोसा, खाली मॅट, शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय. दारू अजिबात नाही. रमनं ऊब वाटते कारण त्वचेकडं रक्त जातं, आणि तिथून उष्णता बाहेर पडते.

कपड्यांचं असं: सुती काहीही अंगाला लागून नको, आतलं बनियनही नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं. आत घाम सोडणारा पातळ थर, मधे लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा अडवणारा. थांबल्यावर चढवायला एक फुगीर जॅकेट. चालताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, घाम येत असेल तर एक थर काढायचा. मोजे दोन-दोन जोड एकावर एक घालून बूट घट्ट करू नका, रक्त पोचलं नाही की बोटं आधी गारठतात.

बोट बधिर होऊन पांढरं किंवा मेणचट दिसायला लागलं तर चोळायचं नाही, बर्फानं तर मुळीच नाही, आणि शेकोटीवर धरायचं नाही. बधिर बोटाला चटका बसलेला कळत नाही. सुरुवातीलाच काखेत धरा, नाहीतर मैत्रिणीच्या पोटाशी. खरंच गोठलं असेल तर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ऊब द्यावी लागते, तीही पुन्हा गोठण्याची भीती नसेल तेव्हाच.

आता उंची. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, भूक मरणं ही सुरुवातीची लक्षणं. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा संकेत आहे. जुडा का तालाब ते वरचा तळ ही उडी त्यापेक्षा मोठी आहे, म्हणून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकानं स्वतःकडं नीट बघावं. डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही. चालताना तोल जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यात फेस असेल तर रात्र असली तरी खाली. डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, विचारणार असालच: प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण सल्फाची अॅलर्जी असेल तर धोका, त्यामुळं आपल्या डॉक्टरांना विचारूनच. आणि ती घेऊन लक्षणं दाबत वर जात राहणं हा तिचा उपयोग नव्हे.

मुलीसाठी म्हणून दोन गोष्टी. रात्री तंबूबाहेर जायला नको म्हणून मुली पाणी पिणं टाळतात, आणि उंचीवर तेच सगळ्यात वाईट. दिवसभर प्यायला सांगा. पाळीची तारीख जवळ असेल तर साहित्य, कागदी पिशव्या आणि झिपची पिशवी बरोबर असू दे, कचरा खाली परत आणायचा.

मिरजेची_माई

वैद्यताई, मन हलकं झालं. हे सगळं छापून तिच्या सॅकेत ठेवते.

टिपूर, वाई

कॅमेरा नेणाऱ्यांसाठी: थंडीत बॅटरी भराभर उतरते. मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या अंगाशी, आतल्या खिशात ठेवा, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. हेडलॅम्पला लिथियम सेल जास्त टिकतात. कॅमेरा थेट गरम खोलीत आणला की काचेवर पाणी धरतं, आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग आत न्या.

डोळ्यांचंही बघा. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ढगाळ दिवशीसुद्धा गॉगल हवा, आणि बाजूनं उजेड येणार नाही असा. डोळे भाजले तर ते त्या वेळी कळत नाही, संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं दुखायला लागतं. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही क्रीम लावा, उजेड खालूनही येतो.

दांडोबा_पायथा, सांगली

पाण्याचं काय करायचं? आमच्याकडं नळीवाली पाण्याची पिशवी आहे. आणि खायला काय न्यावं? आई चिक्की देते म्हणतेय.

फौजी_काका, अपशिंगे

नळी गोठते, पहिल्या तासात. बाटली न्या, रुंद तोंडाची, आणि सॅकेत उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, उलटी ठेवली की तोंडाकडची बाजू मोकळी राहते. रात्री गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात गुंडाळून स्लीपिंग बॅगेत पायाशी. सकाळी तेच पाणी प्यायला. गाळणीचा फिल्टर नेत असाल तर तोही अंगाशी, आतली नळी एकदा गोठली की बाहेरून धड दिसतो आणि आतून फाटलेला असतो.

चिक्की तिथं दगड होते, दात जाईल. चॉकलेटही तसंच. शेंगदाणा-गुळाचा कुटून केलेला लाडू, खजूर, सुकं खोबरं, राजगिऱ्याचा लाडू, हे चालतं. छोटे तुकडे करून वरच्या खिशात ठेवा, म्हणजे हातमोजे न काढता तोंडात टाकता येतील. हातमोजा काढला की हात गेलाच म्हणून समजा. पातळ एक, जाड एक, आणि एक जादा जोड गटात असलाच पाहिजे, कारण एकाचा तरी वाऱ्यानं उडतोच.

मोजे: झोपायचा जोड वेगळा, तो दिवसा कधी घालायचा नाही. काही झालं तरी नाही.

घसारा, वाई

हिमस्खलनाबद्दल कुणी बोललं नाही. आम्ही उत्तराखंडातल्याच ब्रह्मतालच्या बर्फातल्या ट्रेकचाही विचार करतोय.

फौजी_काका, अपशिंगे

बोलायला हवंच. ३० ते ४५ अंशांचा उतार सगळ्यात घातकी. त्याहून कमी असेल तर बर्फ बसून राहतो, जास्त असेल तर साठतच नाही. जोरदार हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस आणि एकदम ऊन तापलेली दुपार, या दोन वेळा जपायच्या. पायाखाली "धप्प" असा बसका आवाज आला, किंवा बर्फात लांब चीर पळाली, तर मागं फिरा. अशी जागा ओलांडणं भागच असेल तर एकेकानं, अंतर ठेवून, बाकीच्यांनी डोळे त्याच्यावर ठेवून. सगळे एका रांगेत गेले तर शोधायला कुणी उरत नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरात द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणाला आलेली तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघं सापडलेच नाहीत. शिकलेली, साहित्य असलेली माणसं होती ती. केदारकंठ्याची वाट बरीचशी जंगलातून आणि रुंद सोंडेवरून जाते म्हणून तिथं हा धोका तुलनेनं कमी, पण जोराची हिमवृष्टी झाली की एक दिवस थांबायची तयारी ठेवूनच जा. डीजीआरई, म्हणजे पूर्वीची मनालीची सासे, ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचा इशारा काढते, १ ते ५ पातळ्यांत. हवामान खात्याच्या अंदाजाबरोबर तोही बघा. पश्चिमी झंझावात येतोय असं अंदाजात दिसलं की पुढचे दोन-तीन दिवस बर्फाचे धरा.

सोंडेवरचा, सातारा

काकांनी थांबायच्या दिवसाचा विषय काढला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडून जाणारे लोक परतीचं तिकीट अगदी घट्ट काढतात. डेहराडूनहून सांकरी जवळपास २०० किलोमीटर, मसुरी, पुरोला, मोरीवरून, आठ-दहा तास. जानेवारीत त्या रस्त्यावर सकाळी पाला असतो, म्हणजे गोठलेलं दव. तिकडचे चालक ऊन येईपर्यंत सावलीच्या वळणांवर अगदी हळू चालवतात. त्यांना घाई करायला लावू नका. गोवा एक्स्प्रेसनं साताऱ्याहून थेट दिल्लीला जाणारे, तिथून पुढं बसनं डेहराडून, परतीलाही तसंच. यात एक जादा दिवस धरला नाही, तर माथ्याच्या सकाळी हवा बिघडलेली असतानाही गट वर जातो, कारण उद्या गाडी आहे. माझ्या पाहण्यात हे घडलंय: एका आयोजकानं, अर्धा गट नको म्हणत असताना, "एवढ्या लांबून आलात" म्हणून सगळ्यांना वर काढलं होतं. कुणाला काही झालं नाही. तरी ते चुकीचंच होतं.

पैसे भरण्याआधी आयोजकाला हे विचारा: वीस माणसांमागं वाटाडे किती? मायक्रोस्पाइक्स ते देणार की आपण घ्यायचे? ऑक्सिजन सिलिंडर आणि ऑक्सिमीटर वरच्या तळावर असतो की सांकरीतच? मागं फिरायची वेळ ठरलेली आहे का, आणि ती कोण पाळतं? एखाद्याला उतरवायचं झालं तर त्याच्याबरोबर कोण जातं? गुळमुळीत उत्तरं आली तर दुसरा आयोजक बघा. स्थानिक वाटाड्या घेऊन स्वतंत्र गेलात तर आणखी उत्तम. हंगामातल्या याच दोन-तीन महिन्यांत तिथल्या घरांची बरीच कमाई होते, आणि बर्फाबद्दल त्यांच्याइतकं आपल्याला कधीच कळणार नाही.

सांकरीत घरगुती मुक्काम करणाऱ्यांनी एक पाळा. खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून दारं-खिडक्या बंद करून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. तंबूत स्टोव्ह पेटवण्यालाही हेच लागू.

दांडोबा_पायथा, सांगली

आम्ही आता एक दिवस वाढवून परतीचं तिकीट पुन्हा काढतोय. शेवटचा प्रश्न: इथं बर्फ नाही, मग सराव कसला करायचा? आम्ही दंडोबाच्या डोंगरावर पळतो.

वैद्य_कराड

पळणं चांगलं, पण उतरायचा सराव करा. मांडीच्या पुढच्या स्नायूंवर उतारात जास्त ताण येतो आणि दमलेली मांडी घसरायचं निम्मं कारण असते. पाठीवर सहा-सात किलो घेऊन, पायऱ्यांवरून सावकाश, न पळता उतरा. एका पायावर उभं राहून दात घासा, घोट्याचा तोल सुधारतो. निघायच्या आठवडाभर आधी जड व्यायाम बंद.

सोंडेवरचा, सातारा

आणि कपड्यांची परीक्षा घ्यायला महाबळेश्वर आहे की! वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याला कडाक्याच्या थंडीत पहाटे दव गोठतं. अशा एखाद्या पहाटे पाचला तिथं जायचं, सगळे थर घालून तासभर चालायचं, मग दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. उभं राहिल्यावर थंडी कुठून शिरते ते कळतं: मनगट, मान, कंबर. ते इथं कळलं तर दुरुस्त करता येतं.

या रविवारी सकाळी सहाला साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकापाशी जमूया, तिथून अजिंक्यतारा. अंधारातच निघू, म्हणजे हेडलॅम्पच्या उजेडात चालायची सवय होईल. माझ्याकडं मायक्रोस्पाइक्सचे जादा जोड आहेत. जाड हातमोजे घालून ते बुटावर चढवायचे आणि काढायचे, हे प्रत्येकानं जमेपर्यंत करायचं. दगडावर ते घालून चालायचं नाही, दाते जातात. फौजीकाकांनी यायचं कबूल केलंय, उतारावर पोटावर वळून थांबायचं कसं ते गवतावर दाखवतील. जुने कपडे घाला. सांगली-मिरजेहून येणाऱ्यांनी शनिवारी दुपारपर्यंत इथंच कळवा, मुक्कामाची सोय माझ्या घरी होईल. माई, लेकीलाही पाठवा.